कलकत्त्याचा भाव, चितगावचा भाव

ओमानवर लिहा म्हटलं की लोकांना उंट हवा असतो. या अंकाच्या संपादकांनीही फोनवर वाळवंट, खजूर आणि लोबानाचा धूर अशी मागणी नोंदवली. मी इथे अर्धं आयुष्य काढलं, पण उंट पाहिला तो महामार्गाच्या कुंपणापलीकडे, चालत्या पिकपमधून. माझं वाळवंट म्हणजे मस्कतच्या इमारतींची छतं. मी एसीवाला.

पुष्कळांना वाटतं, एसी थंडी तयार करतो. तो काहीही तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढंच. अल् खुवैरच्या एखाद्या ऑफिसात साहेबांना जूनमध्ये कोट चढवावासा वाटतो, तेव्हा त्यांच्या डोक्यावर छतावर एक यंत्र त्यांची सगळी गरमी ओकत असतं आणि त्या यंत्रापाशी एक माणूस उकिडवा बसलेला असतो. त्याच्या हातातला पाना इतका तापलेला असतो की फडकं गुंडाळल्याशिवाय धरवत नाही. भर उन्हाळ्यात दुपारचे काही तास उघड्यावर काम करायला सरकारची मनाई आहे. पण एसी बंद पडायचा तो नेमका त्याच वेळी, आणि गिऱ्हाईक म्हणतं, “कायदा मला माहीत आहे, तुम्ही माणूस पाठवा.”

आमची कंपनी गाला भागातली. खाली गॅरेजं, वर आमचं वर्कशॉप. मी सर्व्हिस मॅनेजर, म्हणजे कुठे कोणाला पाठवायचं हे ठरवणारा. वास्तविक ते मी ठरवत नव्हतो, पासपोर्ट ठरवायचा. गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलायला फिलिपिनो. कंप्रेसर आणि वायरिंगला भारतीय. हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट उचलायला पाकिस्तानी. कॉइल धुवायला, नळ्या वाहायला, छतावर पुढे चढायला बांगलादेशी. पगारही त्याच उतरंडीने. एकच कंप्रेसर चौघांनी बसवला तर त्या एका कामाचे चार भाव. हे काही गुपित नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि प्रत्येक जण आपल्या वरच्याकडे न बघता खालच्याकडे बघून सुखी होता.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या बौद्ध वस्तीतला. उतरंड म्हणजे काय हे मला पुस्तकात वाचावं लागलेलं नाही. सगळ्यात तळाच्या मडक्यात जन्मलो होतो. डिप्लोमा करून इथे आलो तेव्हा वाटलं, समुद्र ओलांडला, सुटलो. समुद्र ओलांडल्यावर कळलं की इथे मडकी तीच, फक्त रंग वेगळे.

आता नुरुलची गोष्ट.

नुरुल चितगावचा. मोठ्या आवाजाचा, भांडखोर, केसांची फार काळजी घेणारा. छतावर चढतानाही खिशात कंगवा. पत्त्यांत हरला की दिवसभर कोणाशी धड बोलायचा नाही. हुद्दा हेल्पर, पण कंप्रेसर एकट्याने उघडून जोडायचा. एकदा अल् हैलमधून एका मराठी बाईंचा फोन आला. व्हिला मोठा, यजमान तेलकंपनीत. हॉलचा एसी बंद आणि संध्याकाळी घरी पाहुणे. मोकळा फक्त नुरुल होता.

“बंगाली पाठवू नका हं,” बाई म्हणाल्या. इथे बंगाली म्हणजे बांगलादेशी. “मागे एक आला होता. मला ते लोक घरात नको वाटतात.”

मी म्हटलं, “मॅडम, हा कलकत्त्याचा आहे.”

“अय्या, कलकत्त्याचा? मग पाठवा की.”

तासाभराने मी स्वतः तिथे पोचलो, तर नुरुल हॉलमध्ये खुर्चीवर बसून बशीतून चकल्या खात होता. बाई त्याला रसगुल्ल्याचा छेना कापडात कसा बांधतात ते विचारत होत्या आणि हा पठ्ठ्या आयुष्यात कधी न केलेल्या रसगुल्ल्याची कृती अगदी तपशीलवार सांगत होता. एसी चालू झाला होता. निघताना बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “किती सुसंस्कृत असतात नाही ही माणसं!”

पिकपमध्ये बसल्यावर नुरुल पोट धरधरून हसला. मग केसांवरून कंगवा फिरवत म्हणाला, “साब, कलकत्तावाला बना दिया, तो पगार भी कलकत्तावाला दे दो.”

मीही हसलो. गाल्याला पोचल्यावर त्याच्या कामाच्या चिठ्ठीवर हुद्दा लिहिला, हेल्पर.

त्याच उन्हाळ्यात अल् खुवैरमधल्या एका खाजगी दवाखान्याचा मोठा चिलर बंद पडला. चिलर म्हणजे पूर्ण इमारतीला गार पाणी पुरवणारं यंत्र. तो बंद म्हणजे सगळे मजले बंद. वर बाळंतिणी आणि नवजात मुलं. माझे निम्मे भारतीय तंत्रज्ञ सुट्टीवर गेलेले. मी कोण कुठला हे बघायचं सोडून दिलं आणि हाताला लागतील तेवढे उचलले. कुडाळकडचा संतोष, माझा सगळ्यात हुशार तंत्रज्ञ. डक्टवाला गुल जमान, पेशावरकडचा, मितभाषी. नुरुल. आणि खमीस.

खमीसबद्दल सांगायला हवं. तो ओमानी, तिशीतला. त्याचे आजोबा झांजिबारहून परतलेले. घरात अजून स्वाहिली बोलतात. रंगाने काळाभोर, आणि त्यावरून ऑफिसातले त्याचेच काही देशबांधव त्याला हसत हसत टोमणे मारायचे. कंपनीने त्याला ठेवला होता तो सरकारने ठरवून दिलेली स्थानिकांची संख्या भरायला. त्याला टेबल दिलं होतं, काम दिलं नव्हतं. आमच्या भारतीय मंडळींचं ठरलेलं वाक्य, “हे लोक आळशी, यांना काही येत नाही.” शिकवायचं मात्र कोणी नाही, कारण तो शिकला तर आपली खुर्ची जाईल ही भीती. खमीस रोज माझ्या दारात उभा राहायचा. “साब, आज मला गाडीवर पाठव.” सिनेमे बघून हिंदी शिकला होता. त्याचं बोलणं मी इथे मराठीत लिहितो आहे.

त्या दिवशी सकाळपासून चौघांनी मिळून जुना कंप्रेसर उतरवला आणि नवा चढवला. संतोष जोडण्या करत होता आणि नुरुल त्याच्या शेजारी त्याच्याइतकाच हात चालवत होता. गुल जमान आणि खमीस दोरखंडाने ओझं पेलत होते. दिवस कलायच्या आत पाणी गार झालं. एक परिचारिका छतावर येऊन प्रत्येकाच्या हातात लिंबूपाण्याची बाटली देऊन गेली. संतोषने आपल्या बाटलीतून आधी दोन घोट घेतले आणि उरलेली नुरुलच्या हातात दिली, कारण त्याची सांडली होती. मी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी मिश्र तुकड्या पाडल्या.

आमच्या धंद्यात मॅनेजरची अब्रू एकाच गोष्टीवर ठरते. दुरुस्त केलेला एसी तीच तक्रार घेऊन परत येतो की नाही. मिश्र तुकड्यांचे एसी परत येईनात. अर्बाब, म्हणजे आमचे मालक, खूश झाले. माणसं वर्कशॉपखालच्या कॅफेटेरियात एका टेबलावर जेवायला लागली. आणि जेवताना माणसं बोलतात.

खमीसने विषय काढला तेव्हा मी तिथेच होतो. तो म्हणाला, “नुरुल स्वस्त आहे ना, म्हणून माझ्या भावाला नोकरी नाही. मालक म्हणतो, ओमानी महाग. मी नुरुलवर चिडू, की ज्याने त्याची किंमत पाडली त्याच्यावर? एका कामाला एक पगार झाला, तर मालक पासपोर्ट बघायचं सोडून हात बघेल. मग माझा भाऊही उभा राहील, नुरुलही.”

संतोषचा घास हातातच राहिला. तो माझ्याकडे वळून आपल्या बोलीत म्हणाला, “साहेब, त्येचो पगार माझ्याइतको झालो, तर मगे माझो पगार तो कसलो?”

इतकं खरं वाक्य मी आयुष्यात क्वचित ऐकलं. गावी आमच्या वस्तीतल्या पोराला पहिल्यांदा शाळेत पुढच्या बाकावर बसवलं तेव्हा मागच्या बाकावरच्याचं काहीच गेलं नव्हतं. तरी त्याच्या बापाचं काहीतरी गेलं होतं.

खमीसने मला विचारलं, “काय म्हणतो?” मी सांगितलं. तो संतोषला म्हणाला, “तुझा कमी करायचा नाही. त्याचा वाढवायचा, सगळ्यांनी मिळून मालकाकडे मागायचं. उद्या मालकाला तुझ्याहून स्वस्त माणूस सापडला, तर तुला कोण वाचवणार?” संतोष उठून हात धुऊन आला. मग म्हणाला, “ठीक आसा. माझा नाव घाला.”

मग आम्ही कामाच्या तीन प्रती, म्हणजे तीन दर्जे, पाडल्या. नुसतं धुणं-पुसणं करणारा तिसऱ्या प्रतीचा. जोडकाम करणारा दुसऱ्या. एकट्याने बिघाड शोधून यंत्र चालू करणारा पहिल्या. प्रत्येकाची प्रत्यक्ष परीक्षा, परीक्षक मी, आणि प्रतीप्रमाणे पगार. कुठल्याही देशाचा असो. इथे कायद्याने कामगारांना समिती करता येते. खमीस तिचा पुढारी झाला, कारण त्याला देशाबाहेर काढता येत नव्हतं. ही गोष्ट त्याने स्वतःच हसत सांगितली, “मला फक्त नोकरीवरून काढता येईल. तुम्हाला विमानात बसवतात.”

आमचे जनरल मॅनेजर सबनीस. पुण्याचे, फार गोड बोलणारे. मी आणि खमीस त्यांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि खमीसला समजू नये म्हणून मराठीत सुरू झाले.

“वाघमारे, अहो, त्याच्या देशात एवढ्या पैशात राजासारखं भागतं.”

“सर, तो इथे राहतो. इथला भाजीवाला त्याला चितगावचा भाव लावत नाही.”

“मार्केट असतं हो. आपण कोण बदलणार?” मग खुर्चीत मागे रेलून, अगदी मायेने म्हणाले, “तुमच्याकडे हे समतेचं वगैरे असतंच म्हणा. मी समजू शकतो. पण ऑफिसात नको.”

तुमच्याकडे. इतकी वर्षं शेजारच्या केबिनमध्ये बसलेला माणूस. त्यांच्या मुलाच्या मुंजीला मी इथून सुट्टी टाकून पुण्याला गेलो होतो. बाहेर आल्यावर खमीसने विचारलं, “शेवटी काय म्हणाला? तुझा चेहरा उतरला.” मी म्हटलं, “काही नाही. आमच्या देशातलं होतं.”

अर्बाबांनी आम्हाला घरी बोलावलं. वृद्ध, अदबशीर माणूस. स्वतःच्या हाताने कहवा ओतला, खजूर पुढे केला, खमीसच्या वडिलांची चौकशी केली. सगळं ऐकून म्हणाले, “इन्शाल्ला.” इथे राहिलेल्या माणसाला या शब्दाचे दोन अर्थ कळतात, एक देवाच्या मर्जीने होईल आणि दुसरा होणार नाही. बाहेर आल्यावर खमीस म्हणाला, “हा दुसरा होता.”

पुढचं सगळं काही आठवड्यांत उरकलं. आधी भारतीय तंत्रज्ञांना वाढ मिळाली, फक्त भारतीयांना. सबनीसांनी त्यांना एकत्र बोलावून सांगितलं, “तुम्ही आपली माणसं.” पाकिस्तानी डक्टवाल्यांना कॅम्पात, म्हणजे कामगारांच्या वसाहतीत, नव्या वेगळ्या खोल्या दिल्या. गुल जमानने खोली नाकारली. तो म्हणाला, “दीवार बीच में आ रही है, साब.” पण त्याचे साथीदार गेले, मग तोही गेला. खमीसला बढती देऊ केली, सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवायची जागा, गाडीसकट. त्याने राजीनामा दिला. आणि नुरुलचा करार संपत आला होता, तो वाढवला नाही. कारण दिलं, गैरवर्तन. कोणाशी, ते कुठे लिहिलं नव्हतं.

संतोष समितीतून नाव काढायला माझ्याकडे आला. मान खाली. “साहेब, गावाक घराचा काम अर्ध्यावर आसा. मी काय करू?”

“मी काय सांगू, संतोष?”

“तुमी रागवा तरी.”

मी रागावलो नाही, हे त्याला जास्त लागलं असावं. दुसऱ्या दिवशी कॅफेटेरियात भारतीयांचं टेबल वेगळं झालं. तुकड्या पुन्हा पासपोर्टप्रमाणे. एसी पुन्हा परत येऊ लागले, पण आता ते कोणाला खुपत नव्हतं.

नुरुल जायचा त्या दुपारी मी कॅम्पावर गेलो. त्याने केस विंचरले होते, इस्त्रीचा शर्ट घातला होता. संतोषही आला, हातात मिठाईचा पुडा. त्याने हात पुढे केला. नुरुलने हाताकडे पाहिलं, पुड्याकडे पाहिलं आणि पुडा माझ्या हातात दिला. “साब, कलकत्तावाले को दे देना.” एवढंच म्हणून बसमध्ये चढला. संतोष तसाच उभा. मला वाटत होतं, नुरुलने तो हात घ्यावा. आज वाटतं, का घ्यावा?

वर्षाच्या शेवटी मलाही “धोरणानुसार वय झालं” असं सांगण्यात आलं. निरोपसमारंभात सबनीसांनी भाषण केलं आणि मला घड्याळ दिलं. घरी बायको म्हणाली, “सगळ्यांचा पगार सारखा करायला निघालात, आपलाच शून्य झाला.” मग तिनेच चहा केला. दोन दिवसांनी म्हणाली, “केलंत ते बरं केलंत. पण परत करताना आधी सांगा.”

खमीसने गाल्यातच पहिल्या मजल्यावर एक गाळा घेतला आणि स्वतःची छोटी एसी कंपनी काढली. मला तांत्रिक सल्लागार म्हणून घेतलं, माझा व्हिसाही त्याच्याकडे. गुल जमान आला. खमीसचा भाऊ आला, परीक्षा देऊन तिसऱ्या प्रतीवर लागला, मग मेहनतीने दुसऱ्यावर. पहिल्या प्रतीवर नुरुलला आणायचं ठरलं, पण तेव्हा त्याच्या देशातल्या कामगारांना नवे व्हिसे बंद झाले होते. फोनवर तो म्हणाला, “बहुत लेट हो गया, साब.” आता चितगावला फ्रिज दुरुस्त करतो.

एका प्रतीला एक पगार. आमच्याकडे तो खरोखर आहे. आणि म्हणूनच आमचा भाव सगळ्यांपेक्षा चढा आहे. हे मला त्या वेळी नीट उमगलं नव्हतं. एकटा माणूस न्यायाने वागला की बाजारात तो फक्त महाग ठरतो.

आमच्या बौद्ध लोकांचं इथे एक मंडळ आहे. बहुतेक इंजिनियर, अधिकारी. एप्रिलमधल्या जयंतीला आम्ही हॉल घेतो, मुलं अडखळत मराठीत भाषणं करतात, आम्ही डोळे पुसतो. मंडळाचे एक पदाधिकारी एका मोठ्या कंपनीच्या इमारतींची देखभाल बघतात. एका वर्षी त्यांचं भाषण समतेवर झालं आणि खरंच उत्तम झालं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या एसीच्या वार्षिक कंत्राटासाठी मी आमचा भाव घेऊन गेलो आणि भाव जास्त का, तेही समजावून सांगितलं.

“वाघमारे सर, तुमची भावना माझ्यापर्यंत पोचली,” ते म्हणाले. “पण मला वर उत्तर द्यावं लागतं. रेट बघावाच लागतो.”

कंत्राट आमच्या जुन्या कंपनीला गेलं. मी त्यांच्याशी भांडलो नाही. पुढच्या जयंतीला गेलोही. फक्त भाषणाच्या वेळी बाहेर जाऊन चहा घेतला.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी संतोष आमच्या गाळ्याच्या दारात उभा राहिला. खंगलेला. जुन्या कंपनीने भारतीय तंत्रज्ञ कमी केले होते. आफ्रिकेतून आणखी स्वस्त माणसं आली होती. सबनीसांनी त्यालाही केबिनमध्ये बोलावून गोड शब्दांत सांगितलं होतं, मार्केट असतं.

“साहेब, काम आसा काय?”

मी खमीसला बोलावलं. त्याने संतोषला बसवलं, पाणी दिलं. काम होतं थोडं, पहिल्या प्रतीचा पूर्ण पगार देण्याइतकं नव्हतं. मोठं कंत्राट हातचं गेलेलं. खमीसने ते सरळ सांगितलं.

संतोष घाईघाईने म्हणाला, “अर्धो द्या. त्या बंगाल्याक देत होते तितको द्या. चलात माका.”

मी ते हिंदीत सांगितलं. खमीसने संतोषचा पेला पुन्हा भरला. मग म्हणाला, “इथे अर्धा पगार नाही, संतोष. काम वाढलं तर पहिला फोन तुला करीन.”

“पण मी आपणहून मागतोय,” संतोष हिंदीत म्हणाला.

“म्हणूनच नाही.”

संतोष उठला. माझ्याकडे बघून, न रागावता, खरंच विचारावं तसं विचारलं, “साहेब, मगे तुमच्या ह्या बरोबरीचो माका उपयोग काय?”

मी त्याला जिन्यापर्यंत सोडलं. तो गेल्यावर मी खमीसला म्हटलं, “काही महिन्यांपुरता ठेवला असतास तर?”

“आज त्याला अर्ध्यात ठेवला, की उद्या मी तुमच्या सगळ्यांचे भाव विचारायला लागेन,” खमीस म्हणाला. “अर्बाब व्हायला वेळ लागत नाही, वाघमारे साब.”

मी खिडकीपाशी गेलो. खाली रस्त्याच्या कडेला संतोष टॅक्सीची वाट बघत उभा होता. डोक्यावर ऊन, सावलीला आडोसा नाही. गुल जमान पुढच्या कामाला निघाला होता. त्याने पिकप संतोषपाशी थांबवली, वाकून पलीकडचं दार आतून उघडलं आणि बसायची खूण केली. दार बराच वेळ उघडं होतं. संतोषने मान हलवून नको म्हटलं, आणि उन्हातच उभा राहिला.